दिव्यांची तालीम

आमचे घरमालक कोणाशीही बोलून उठताना एक प्रश्न विचारत: "बोलणं झालं?" समोरच्यानं "झालं" म्हटल्याशिवाय ते जागचे हलत नसत. दूधवाल्याला विचारत, भिंतीवरून भांडणाऱ्या शेजाऱ्यालाही विचारत. एकदा राजापेठेतल्या एका घरी ते दुखवट्याला गेले होते. गेलेल्या माणसाची बायको बोलता बोलता थांबली. भेटायला आलेले लोक एकेक करून उठले. हे बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांनी हळू आवाजात विचारलं, "वहिनी, बोलणं झालं?" तिनं मानेनंच नाही म्हटलं आणि पुढं बराच वेळ ती बोलत होती. ऐकायला हे एकटेच होते.

सवय नोकरीची होती. अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. त्या काळी गावातल्या गावात फोन लावायचा तरी तो एक्स्चेंजमधूनच जोडून घ्यावा लागे. कोणी फोन उचलला की बोर्डावर त्याच्या नंबराचा बारीक दिवा लागायचा. ऑपरेटरनं दोरीचा प्लग त्या दिव्याखालच्या भोकात घालायचा, कोण पाहिजे ते विचारायचं आणि दुसरा प्लग त्या नंबरात घालायचा. दोरी काढण्याआधी विचारायचं, बोलणं झालं? कोणाचं बोलणं अर्धवट तोडणं हा त्या खोलीतला सर्वांत मोठा गुन्हा समजला जाई.

अकोल्यातली निम्मी लग्नं आणि जवळजवळ सगळी भांडणं त्यांच्या कानांवरून गेलेली होती. त्यातलं एकही त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मी तेव्हा अमरावतीच्या एका दैनिकात नवा उपसंपादक होतो आणि राजापेठेतल्या त्यांच्या घरी माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. अकोल्याच्या पुढाऱ्यांविषयी मी त्यांना अनेकदा छेडून पाहिलं. ते मान डावीकडे कलती धरून ऐकून घेत. हेडफोनच्या वजनानं ती तशीच राहून गेली होती. मग म्हणत, "बातमीदार, ते कान सरकारचे होते. पेन्शनीवर निघालो तवा तिथंच ठेवून आलो."

घरात त्यांनी फोन घेतला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घंट्या ऐकल्या, आता स्वतःची नको, एवढंच कारण ते देत. माझ्या कचेरीत फोन होता. घरमालकांना निरोप द्यायचा असला तर त्यांचे नातेवाईक तिथं देत.

घरमालकीणबाईंचं, म्हणजे काकूंचं, विसरणं मी राहायला गेलो त्याच वर्षी सुरू झालं असावं. सुरुवातीला त्यात कोणाला काही वाटलं नाही. चहात दोनदा साखर पडायची. कुलपाची किल्ली तांदळाच्या डब्यात निघायची. मी जिन्यावरून उतरलो की त्या आपुलकीनं विचारायच्या, "गाव कोणतं बापू तुमचं?" मी सांगायचो. त्यांना ते ऐकून मनापासून आनंद व्हायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या आणि आनंदही तेवढाच व्हायचा. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी एका बाईला दोनदा वाण दिलं आणि तिच्या शेजारी बसलेल्या बाईला दिलंच नाही. ती बाई कुंकू लावून घेऊन तशीच घरी गेली. परंतु काकूंच्या ते नंतर लक्षात आलं आणि त्या दोन दिवस स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

डॉक्टर म्हणाले, वय झालं. घरमालकांना हे पटलं नाही. त्यांनी आपलं निदान मला ऐकवलं. "ज्या भोकात प्लग जात नाई ना, तिथं धूळ बसते. मंग एक दिवस प्लग घातला तर नुसती खरखर ऐकू येते. तार तुटलेली नाई. वापरात ठेवली का लाईन साफ राह्यते."

या निदानावर त्यांनी उपचार काढला. हिवाळ्यात त्यांनी एक टेबल तयार केलं. टेबलाच्या मधोमध उभी फळी होती. फळीच्या दोन्ही अंगांना टॉर्चचे बल्ब आणि प्रत्येक बल्बाखाली दारावरच्या घंटीला असतं तसं बटण. एका बाजूचं बटण दाबलं की दोन्ही बाजूंचा तो दिवा लागे. एका अंगाला ते स्वतः बसत, दुसऱ्या अंगाला ज्याची आठवण कमी झाली आहे तो माणूस. ते आपल्या बाजूनं दोन-तीन दिवे ओळीनं लावत. समोरच्यानं तेच दिवे त्याच क्रमानं लावून दाखवायचे. बरोबर आलं की पुढच्या खेपेला एक दिवा वाढे, चुकलं की एक कमी होई. "माणूस हरल्यावानी वाटाले नको, आनं सोपं हाये म्हणून झोपलाही नाई पायजे," असा त्यांचा नियम होता.

अमरावतीत कोणतीही गोष्ट सुधारायची म्हणजे आखाडा काढायचा, ही जुनी रीत. त्यांनी तरुणपणी दंडबैठका काढलेल्या होत्या. त्यामुळं त्यांनी या प्रकाराला तालीमच म्हटलं. भिंतीवर मारुतीची तसबीर लावली, नारळ फोडला. येणाऱ्यानं आधी तसबिरीला हात जोडायचे, मग स्टुलावर बसायचं. शेवटी खुराक म्हणून भिजवलेले बदाम आणि दूध. मारुतीच का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "त्यालेही आपली ताकद आठवत नव्हती. दुसऱ्यानं आठवण करून द्या लागली, तवा त्यानं समुद्र ओलांडला."

तालमीत तिघं होती. काकू, शेजारच्या गल्लीतले एक निवृत्त वकील आणि एक भटजी. वकील आपल्या जुन्या पक्षकारांची नावं विसरू लागले होते. भटजींनी एका घरी सत्यनारायणाच्या पोथीचा चौथा अध्याय पुरा गाळला होता. यजमानानं त्यांना तसं सांगितलं नाही. जेवणाला उशीर होत होता.

काकूंना आधी हे पसंत नव्हतं. "घरात तांदूळ निवडाचे पडले, आनं हे भरदिवसा दिवे लावून राह्यले." पण महिनाभरात त्यांनी वकिलांना मागं टाकलं. वकील चौथ्या दिव्याशी अडखळत. काकू न अडता त्याच्या दुप्पट दिवे लावत. त्यांची बोटं आधी जात आणि डोळे मागून.

"वकीलसाहेब, तुमी कोर्टात कशे उभे राह्यत होते व?" त्या विचारत.

"बाई, तिथं दिवे नव्हते. तिथं नुसता अंधार होता," वकील म्हणत आणि त्यांच्या वाटीतले बदाम पळवत.

मला यात बातमी दिसली. मी तसं सांगितलं. घरमालकांनी हात वर केला. "आता नोका छापू. निकाल लागू द्या."

निकाल कशाचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दर उन्हाळ्यात काकू अकोल्याला धाकट्या बहिणीकडं वाळवणं करायला जात. पापड, कुरोड्या, शेवया. बहिणी दोघी मिळून दोन घरांचं वर्षाचं करत. बडनेऱ्याला गाडीत बसायचं, अकोल्याला उतरायचं, टांगा करायचा. लग्नानंतर त्यांनी एकटीनं केलेला हा एकच प्रवास, आणि तो त्या कोणाच्या सोबतीनं करत नसत. त्या वर्षी नागपूरला राहणारा त्यांचा मुलगा आला होता. त्यानं वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, "आईले आता एकटीले पाठवू नोका." तो बोलला हळू, पण घर लहान होतं. काकूंनी स्वयंपाकघरातून ऐकलं. त्या बाहेर आल्या आणि मुलाकडं न पाहता नवऱ्याला म्हणाल्या, "अजी, मले बांधून ठेवाचं असंल तर सांगून द्या. दोरी मीच आणून देतो."

घरमालक मुलाला म्हणाले, "उन्हाळ्यात ते एकटी जाईल. माही जबाबदारी."

उन्हाळा आला. जाण्याच्या आदल्या दिवशी काकूंनी टेबलावर अशी लांबलचक ओळ बिनचूक लावून दाखवली की भटजींनी उठून त्यांना नमस्कार केला. सकाळी बडनेऱ्याच्या फलाटावर घरमालकांनी शेवटची परीक्षा घेतली. मी सोबत होतो.

"कोठी उतराचं?"

"अकोल्याले."

"मंग?"

"बाहेर टांगा कराचा. टांगेवाल्याले पत्ता सांगाचा. अजी, मी का पोट्टी हावो?"

बायकांच्या डब्यात खिडकीशी त्या बसल्या. गाडी हलली तेव्हा त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. घरमालकांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "आता लिहा तुमची बातमी."

दुपारी कचेरीत अकोल्याहून ट्रंककॉल आला. काकूंच्या बहिणीचे यजमान शेजारच्या दुकानातून बोलत होते. गाडी वेळेवर आली, ताई पोचल्या नाहीत. मी सायकल काढून घरी गेलो. तालीम सुरू होती, वकील स्टुलावर होते. मी निरोप सांगितला. घरमालकांनी तो मान कलती धरून पुरा ऐकला. त्यांचं बोट बटणावर होतं आणि एक दिवा तसाच लागून राहिला होता. मग त्यांनी विचारलं, "बोलणं झालं?" मी "झालं" म्हटलं. तेव्हा ते उठले.

अकोल्याला उतरलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. बहिणीचे यजमान फलाटावर होते. पोलीस चौकी आणि दवाखाना त्यांनी पाहून घेतला होता. नदीकाठीही जाऊन आलो, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. घरमालक बहिणीच्या घरी गेले नाहीत. ते सरळ एक्स्चेंजमध्ये गेले.

ड्यूटीवर नसलेल्या माणसाला बोर्डावर बसू देत नाहीत. त्यांनी तसं मागितलंही नाही. ड्यूटीवरच्या दोन्ही ऑपरेटरांना त्यांनीच कधीकाळी काम शिकवलं होतं. त्यांनी एवढंच सांगितलं की, बाई हरवली आहे, हिरवं लुगडं, हातात पितळी डबा. मग ते दोघांच्या मागं हात पाठीशी बांधून उभे राहिले. ऑपरेटर बोर्डाच्या एका टोकापासून लागले. कापसाचे जीन, पेढ्या, वकील, डॉक्टर, सराफ. ज्याच्या घरी फोन होता त्या प्रत्येकाला त्या संध्याकाळी अकोल्यात घंटी गेली आणि तोच प्रश्न विचारला गेला. बहुतेकांनी नाही म्हटलं. काहींनी ओसरीवर जाऊन पाहून येतो म्हणून सांगितलं. मधे वेळ गेला. खोलीत पंख्याचा आवाज होता. घरमालक बोर्डाकडं पाहत होते.

एक दिवा लागला. ऑपरेटरनं प्लग घातला, ऐकलं, आणि हेडफोन काढून त्यांच्यापुढं धरला. पलीकडं सरकीचा एक व्यापारी होता. आवाज एवढा मोठा होता की तो मलाही ऐकू आला. "अजी, माह्या घरी सकाळपासून पापड चालू हायेत. लय बाया हायेत. त्यात एक म्हतारी बाई हाये, हिरव्या लुगड्याची. माही बायको म्हणते, शेजारणीची पाहुणी हाये. शेजारीण म्हणते, तुमच्याइकडचीच हाये. आता इचारलं तर थे म्हणते, मी इथलीच."

"घर कोठी हाये?" घरमालकांनी विचारलं.

"टेलिफोन हापिसाच्या मांगं."

लग्नानंतर ही जोडी पहिली काही वर्षं त्याच घरात भाड्यानं राहिली होती. काकू अकोल्याला बिनचूक उतरल्या होत्या. टांगा त्यांनी केला होता. पत्ताही सांगितला होता, आणि टांगेवाल्यानं त्यांना नेमकं तिथंच आणून सोडलं होतं. तो पत्ता तेवढा जुना होता.

बाकीचं काम रिवाजानं केलं. उन्हाळ्यात एका घरी पापड निघाले की गल्लीतल्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात. कोणाची मावशी येते, कोणाची सासू येते. लाटायला बसलेल्या बाईला कोणी नाव विचारत नाही. काकू दारात आल्या, चपला काढल्या, हात धुतले आणि बसल्या. पुढं सरकवलेली लाटी त्यांनी घेतली.

आम्ही गेलो तेव्हा अंगणातल्या खाटांवर पापड पसरलेले होते. काकू बायांच्या मधे होत्या, कोपरापर्यंत पिठानं भरलेल्या, कोणाच्या तरी नणंदेची गोष्ट रंगात येऊन ऐकत. त्यांचे पापड ओळखू येत होते. कागदासारखे होते आणि सगळे एका मापाचे. त्यांनी वर पाहिलं. नवऱ्याला पाहून चेहरा उजळला.

"अजी, आज ड्यूटी लौकर सुटली?"

पेन्शनीवर निघून त्यांना बरीच वर्षं झाली होती. ते दारात उभे होते. "हो," ते म्हणाले. "सुटली."

"मंग बसा. एवढ्या लाट्या उरकतो."

ते बसले. व्यापाऱ्याच्या बायकोनं आधी काय ते समजून घेतलं आणि मग हसून म्हणाली, "काका, नेता का यायले? उद्या उडदाचे हायेत. आमच्या सुनायले दाखवाले अशी बाई कोठी भेटंल?" सगळ्या हसल्या. काकू सर्वांत जास्त हसल्या. लाट्या उरकेपर्यंत ते तिथंच थांबले. मग त्यांनी बायकोला विचारलं, "बोलणं झालं?"

रात्रीच्या गाडीनं काकूंना घेऊन आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी राजापेठेत तालीम भरली नाही. वकील आले, त्यांनी रिकामं स्टूल पाहिलं. घरमालक फळीवरची धूळ पुसत होते. "वकीलसाहेब," ते म्हणाले, "कुस्तीची तालीम केली का माणूस कुस्ती मारते. त्यानं पोहता नाई येत. आपण दिव्याची तालीम केली. तिले दिवे येतात. अकोला कोठून येईल?"

वकील म्हणाले, "म्हणजे फुकट?"

"फुकट नाई. मी भलतीच आशा लावली होती."

बातमी मी लिहिली नाही. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात काकू अकोल्याला गेल्या, आणि एकट्याच गेल्या. तो प्रकार मला नंतर अकोल्यात, स्टेशनबाहेरच्या एका टांगेवाल्याकडून कळला.

घरमालक आधी एकदा जाऊन आले होते. टांगा अड्ड्यावर त्यांनी प्रत्येकाला सांगून ठेवलं, अशी अशी बाई उतरेल, पत्ता टेलिफोन ऑफिसच्या मागचा सांगेल, तिला बहिणीच्या घरी न्यायचं, वाद घालायचा नाही. व्यापाऱ्याच्या घरीही सांगून ठेवलं. जी जोडणी काकूंच्या डोक्यात बसत नव्हती, ती त्यांनी डोक्याबाहेर, गावात करून टाकली. तरी त्यांना धीर नव्हता. काकू बायकांच्या डब्यात बसल्या आणि ते मागच्या डब्यात. त्या टांग्यात बसल्या तेव्हा ते दुसऱ्या टांग्यात.

"बुडी लय भली," टांगेवाला म्हणाला. "अर्ध्या रस्त्यात मले म्हणते, भाऊ, तो मांगचा टांगा पुढं जाऊ दे. बिचाऱ्या बुड्याले घाई दिसते."

बहिणीच्या दारात काकू उतरल्या, डबा हातात, ताठ मानेनं. बहीण म्हणाली, "आली का एकटी?" काकू म्हणाल्या, "मंग? कोण सोबत पायजे मले?" दुसरा टांगा वळणावर थांबून परत फिरला.

असं आणखी काही उन्हाळे चाललं. मग प्रवास थांबला. टेबल मात्र पुन्हा बाहेर निघालं होतं. काकूंनीच मागितलं. "मले दिव्यापाशी गमते," त्या म्हणाल्या. आता मारुतीला नारळ नव्हता आणि खुराकही नव्हता. वकील वारले होते. वाढवणं-कमी करणं हा नियमही घरमालकांनी काढून टाकला होता.

माझी नागपूरला बदली झाली होती. साठीचं दशक संपत आलं असताना एकदा कामासाठी अमरावतीला गेलो आणि दुपारनंतर राजापेठेत डोकावलो. जुन्या जिन्यानं माडीवर गेलो. माझी खोली आता त्यांनी स्वतःकडं घेतली होती, कारण तिथं उजेड चांगला होता. टेबल खिडकीशी होतं. काकू फारच बारीक झाल्या होत्या. माझं गाव त्यांनी विचारलं नाही. घरमालक म्हणाले की बरेच दिवस त्या कोणाशीच बोललेल्या नाहीत. त्यांनाही नावानं किंवा नात्यानं ओळखत नाहीत. हे त्यांनी हवापाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं.

आम्ही बोलत होतो तोवर त्यांचा हात फळीवर होता. ते एक दिवा लावत. थोड्या वेळानं काकूंचं बोट त्याच बटणावर येई आणि तोच दिवा पुन्हा लागे. मग ते दुसरा लावत. काकू कधी तो लावत, कधी भलताच. भलता लावला तर घरमालक त्यांचाच दिवा परत लावत. मी थोडा वेळ हे पाहिलं. कोण कोणाच्या मागं चाललं आहे ते सांगता येत नव्हतं.

ऊन खिडकीतून सरकलं. मला गाडी होती. मी उठलो, तसे मला जिन्यापर्यंत पोचवायला घरमालकही उठू लागले. उठताना सवयीनं ते टेबलाकडं वळले आणि बायकोला विचारलं, "बोलणं झालं?"

काकूंनी वर पाहिलं नाही. हात मांडीवर तसाच होता. ते अर्धवट उभे, टेबलाची कड धरून थांबले. मीही थांबलो. मग काकूंचा हात उचलला गेला, फळीवर थोडा चाचपडला, आणि त्यांच्या बाजूचा एक दिवा लागला.

"नाई झालं," घरमालक मला म्हणाले आणि परत खाली बसले. जिन्यापर्यंत मी एकटाच गेलो.